योन आर्नोर स्टेफान्सन: एका आइसलँडी बास्केटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचावी

प्रश्न असा आहे. आइसलँडचा योन आर्नोर स्टेफान्सन एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, मुख्य हंगामात एक मिनिटही खेळला नाही, युरोपात त्याने बहुतेक वेळा एक-दोन वर्षांनी क्लब बदलला आणि कोणत्याही मोठ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्यांच्या यादीत तो वरच्या क्रमांकांवर कधी दिसला नाही. मग त्याच्या देशात त्याला सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंमध्ये का गणले जाते, आणि इतक्या अस्थिर वाटचालीला यशस्वी कारकीर्द म्हणता येते का? याला जोडून दुसरा प्रश्न असा की आजचे आइसलँडी खेळाडू त्याच वाटेने जातात का.

तरुण गार्ड खेळाडूंना, म्हणजे रिंगपासून दूर राहून चेंडू खेळवणाऱ्या आणि लांबून फटके मारणाऱ्यांना, शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, आणि स्पेन व इटलीतल्या लीगचे सामने हा माझ्या अभ्यासाचा नेहमीचा भाग आहे. त्यामुळे हे उत्तर चाहत्याचे कमी आणि प्रशिक्षकाचे अधिक आहे. योन आर्नोरची कारकीर्द एनबीएच्या मापाने मोजली तर ती अपुरी वाटणारच. पण तो कोणत्या वर्षी, कोणत्या प्रशिक्षकाकडे, कोणत्या कामासाठी करारबद्ध झाला, या क्रमाने ती पाहिली, तर युरोपातल्या व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य समजून घेण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक फरक आधीच सांगितला पाहिजे. महाराष्ट्रातला चांगला बास्केटबॉलपटू बहुधा रेल्वे, आयकर किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमात क्रीडा कोट्यातून नोकरीला लागतो. खेळ संपला तरी नोकरी राहते. युरोपात खेळाडू क्लबशी एका किंवा दोन हंगामांचा करार करतो, बहुतेक वेळा घर आणि कधी गाडी क्लब देतो, आणि करार संपला की एजंट नव्या क्लबच्या शोधाला लागतो. त्यामुळे क्लब बदलणे हे तिथे अपयशाचे लक्षण मानले जात नाही. कोणत्या दर्जाच्या क्लबमधून कोणत्या दर्जाच्या क्लबमध्ये गेला आणि तिथे त्याला किती मिनिटे मिळाली, हे पाहायचे असते.

योन आर्नोरचा जन्म सप्टेंबर 1982 मधला. तो घडला रेकयाविकच्या पश्चिम भागातल्या केआर या क्लबमध्ये. केआरची स्थापना 1899 ची. आइसलँडमधल्या बहुतेक क्लबांप्रमाणे हा अनेक खेळांचा क्लब आहे. देशाची लोकसंख्या आज चार लाखांच्याही आत आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, बाहेर वारा आणि बर्फ, त्यामुळे मुले शाळा सुटल्यावर जवळच्या बंदिस्त क्रीडागृहात जातात आणि तिथे हँडबॉल किंवा बास्केटबॉल खेळतात. या दोन खेळांमध्ये हँडबॉलचा मान तिथे परंपरेने मोठा. योन आर्नोरच्या घरातच त्याचा पुरावा होता: त्याचा थोरला भाऊ ओलाफुर स्टेफान्सन हा जगातल्या उत्तम हँडबॉलपटूंपैकी एक, आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या आइसलँडच्या संघाचा कर्णधार. थोरला भाऊ परदेशात व्यावसायिक म्हणून खेळतो आहे, दर हंगामात क्लबशी बोलणी करतो आहे, दुखापतीतून उठून पुन्हा उभा राहतो आहे, हे ज्या मुलाने घरात पाहिले असेल त्याला या पेशाची पुस्तकी ओळख करून द्यावी लागत नाही. माझ्या मते उंचीपेक्षा ही गोष्ट त्याला अधिक उपयोगी पडली असावी. त्याची उंची सहा फूट पाच इंच. युरोपातल्या शूटिंग गार्डला ती पुरेशी आहे, विशेष नाही.

किशोरवयात तो काही काळ कॅलिफोर्नियातल्या शाळेत खेळला, पण अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या वाटेने गेला नाही. 2000 साली केआरने आइसलँडचे विजेतेपद मिळवले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि मोठ्यांच्या संघात खेळत होता. 2002 मध्ये तो जर्मनीतल्या ट्रियरच्या क्लबमध्ये गेला.

इथे कायद्याचा एक मुद्दा येतो, आणि तो गौण नाही. आइसलँड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण 1994 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. 1995 च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्यात निकाल दिला आणि सदस्य देशांतल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून मर्यादा घालणे क्लबांना व लीगना अशक्य झाले. आर्थिक क्षेत्रातल्या कामगारांनाही मुक्त संचाराचा तोच हक्क असल्यामुळे आइसलँडच्या खेळाडूला त्याचा लाभ मिळाला. व्यवहारात याचा अर्थ असा की जर्मन, इटालियन किंवा स्पॅनिश क्लबने योन आर्नोरला घेतले तर अमेरिकन खेळाडूंसाठी राखलेली मोजकी जागा खर्ची पडत नसे. एखाद्या संघाला दोन अमेरिकन हवेत, त्यांच्या बाजूला उत्तम बचाव करणारा, चेंडू न गमावणारा आणि मोकळा फटका मारणारा युरोपीय गार्ड हवा, अशा वेळी आइसलँडच्या पासपोर्टची किंमत एकदम वाढते. त्याच्या आधीच्या पिढीतल्या चांगल्या आइसलँडी खेळाडूंना हे दार उघडे नव्हते. प्रतिभेइतकीच जन्मसालाचीही गोष्ट असते, हे आम्ही प्रशिक्षक पालकांना सांगत नाही, पण ते खरे आहे.

ट्रियरमधल्या एका हंगामानंतर, 2003 मध्ये, एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सने त्याला करारबद्ध केले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. प्रशिक्षक डॉन नेल्सन, संघात डर्क नोविट्झकी, स्टीव्ह नॅश, मायकेल फिनली, आणि त्या हंगामाआधी आणलेले अँटवान जेमिसन व अँटोइन वॉकर. अशा संघात विशीतल्या गार्डला जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते, आणि तसेच झाले. सरावसामने तो खेळला, मुख्य हंगामात मात्र एकदाही कोर्टवर उतरला नाही.

यामागची यंत्रणा माहीत नसेल तर हे वर्ष कोड्यासारखे वाटते. त्या काळी एनबीएच्या संघात बारा खेळाडू सामन्यासाठी उपलब्ध असत आणि उरलेले तीनपर्यंत खेळाडू ‘जखमी यादी’त ठेवता येत. नाव जखमी यादी, पण ठणठणीत तरुण खेळाडूंनाही काहीतरी किरकोळ दुखापत दाखवून तिथे ठेवण्याची प्रथा सर्रास होती. पुढे 2005 मध्ये खेळाडू संघटनेशी नवा करार झाला तेव्हा हे सोंग बंद करून तिला साध्या शब्दांत निष्क्रिय खेळाडूंची यादी केले गेले. योन आर्नोर त्या जुन्या व्यवस्थेत अडकला. सराव रोज नोविट्झकी आणि नॅशबरोबर, सामन्याच्या दिवशी अंगावर सूट.

हे वर्ष वाया गेले का? मला तसे वाटत नाही, पण त्याचे जे कौतुक होते तेही मला पटत नाही. उच्च दर्जाच्या सरावातून तंत्र सुधारते हे खरे आहे. परंतु गार्डची निर्णयक्षमता सामन्यातच पक्की होते. शेवटची तीन मिनिटे, चार गुणांची पिछाडी, समोर दमलेला प्रतिस्पर्धी, पंचांनी फाउल द्यायला सुरुवात केलेली, अशा वेळी पिक अँड रोलमधून, म्हणजे साथीदाराच्या आडोशाने सुटताना, पास द्यायचा की स्वतः फटका घ्यायचा, हे सरावात शिकवता येत नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या गार्डचे दोन हंगाम बाकावर गेले तर ते नुकसान बहुधा भरून निघत नाही. त्याने एकच हंगाम तिथे काढला आणि 2004 मध्ये युरोपात परतला. त्याच्या पूर्ण कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो. आणखी एक-दोन वर्षे थांबला असता तर कदाचित काही मिनिटे मिळाली असती, नावापुढे ‘एनबीए खेळाडू’ असे लागले असते, आणि मागे उरले असते चोविसाव्या वर्षी नव्याने सुरुवात करणे.

तुलनेसाठी पेतुर गुद्मुंडसनचे नाव घेतले पाहिजे, कारण एनबीएत खेळलेला पहिला आइसलँडी तोच. सात फूट दोन इंचांचा हा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, वॉशिंग्टन विद्यापीठातून आला, 1981 मध्ये पोर्टलंडकडून खेळला, पुढे लेकर्स आणि सॅन अँटोनियो स्पर्सकडून. पण त्या काळी फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाच्या नियमांनुसार एनबीएच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाकडून खेळता येत नसे. ती बंदी 1989 मध्ये उठली. म्हणजे आइसलँडच्या सर्वांत उंच आणि सर्वांत नामवंत खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांचा त्याच्या राष्ट्रीय संघाला काहीच उपयोग झाला नाही. एनबीए हेच एकमेव शिखर मानणाऱ्यांनी ही किंमतही हिशेबात धरावी.

डॅलसनंतर योन आर्नोर रशियातल्या डायनॅमो सेंट पीटर्सबर्गमध्ये गेला. तिथे प्रशिक्षक होते डेव्हिड ब्लॅट, जे पुढे 2014 मध्ये एनबीएतल्या क्लीव्हलँडचे प्रशिक्षक झाले. रशियात आर्थिक क्षेत्राचा नियम लागू नव्हता. तिथे तो इतर परदेशी खेळाडूंसारखाच परदेशी होता, म्हणजे केवळ पासपोर्टच्या सोयीसाठी त्याला घेतलेले नव्हते. त्या संघाने 2005 मध्ये फिबा युरोप लीग जिंकली. ब्लॅट यांच्या संघात चेंडू वेगाने फिरतो, गार्डने तो धरून ठेवणे त्यांना चालत नाही आणि बचावात प्रत्येकाला माणूस बदलून खेळावे लागते. योन आर्नोरच्या खेळात पुढे जो शांतपणा दिसतो, पहिल्या पासनंतर लगेच कापत जाण्याची जी सवय दिसते, तिला पक्केपणा या वर्षात आला असावा असे त्याचे नंतरचे सामने पाहताना मला वाटते.

पुढच्या हंगामात नेपल्स. कार्पिसा नापोलीने 2006 मध्ये इटलीचा चषक जिंकला आणि तो त्या संघात होता. मग स्पेनमधले वॅलेन्सिया, आणि तो हंगाम अर्धा असतानाच पुन्हा इटली, या वेळी लोट्टोमॅटिका रोमा.

हंगामाच्या मध्यात क्लब सोडणे वाचकांना खटकते. त्याचे कारण बहुतेक वेळा भांडण नसते. एखाद्या क्लबने उन्हाळ्यात तीन गार्ड घेतलेले असतात, त्यांतला एक अपेक्षेपेक्षा चांगला निघतो, दुसऱ्याची मिनिटे वीसवरून आठवर येतात; त्याच सुमारास दुसऱ्या देशातल्या क्लबचा गार्ड गुडघा धरून खाली बसतो आणि त्यांना पंधरा दिवसांत माणूस हवा असतो. एजंटचे खरे काम जानेवारीत सुरू होते ते यामुळे. या अदलाबदलीत मिनिटे वाढत असतील तर खेळाडूने जावे, असे मी माझ्या खेळाडूंनाही सांगतो, अर्थात त्यांच्यावर ही वेळ अजून क्वचितच आली आहे. रोमाला जाऊन योन आर्नोरला युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत खेळायला मिळाले. 2008 मध्ये रोमा इटालियन लीगच्या अंतिम फेरीत पोचले. तिथे सिएनाने त्यांना हरवले. त्या वर्षांतल्या सिएनाकडून हरण्यात इटलीत कुणाला कमीपणा वाटत नसे.

आणि मग, पंचविशीत, युरोपच्या वरच्या पायरीवर असताना, 2008 च्या उन्हाळ्यात तो रेकयाविकला केआरकडे परतला. व्यावसायिक हिशेबाने हे उलटे पाऊल. आइसलँडच्या लीगचा हंगाम ऑक्टोबर ते वसंत ऋतूपर्यंतचा, स्थानिक खेळाडूंपैकी अनेकांना दिवसा नोकरी किंवा शिक्षण, क्लबचे बरेचसे काम स्वयंसेवकांच्या खांद्यावर. त्याच्याबरोबर राष्ट्रीय संघातला गार्ड यकोब ओर्न सिगुर्दार्सनही परदेशातून केआरमध्ये आला. ऑक्टोबर 2008 मध्ये देशाच्या तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या, क्रोनाची किंमत घसरली आणि परकीय चलनात पगार द्यावा लागणारे खेळाडू ठेवणे क्लबांना जड जाऊ लागले. अशा हिवाळ्यात केआरचे सामने हा देशातल्या मोजक्या आनंदाच्या विषयांपैकी एक ठरला. अंतिम फेरीत ग्रिंडाविकविरुद्ध पाच सामन्यांची मालिका शेवटपर्यंत गेली आणि केआरने ती 3-2 अशी जिंकली.

या वर्षाकडे भावनेपोटी घेतलेली सुट्टी म्हणून पाहिले जाते. मला त्यात एक व्यावसायिक अर्थही दिसतो. रोमात तो ठरावीक काम करणारा सहायक खेळाडू होता. केआरमध्ये संपूर्ण हंगामभर चेंडू त्याच्या हातात होता आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी संघ त्याच्यासाठीच बचाव आखत होता. दुय्यम भूमिकेत अनेक वर्षे काढलेल्या खेळाडूची आक्रमणातली धार हळूहळू बोथट होते. त्याने ती घरी येऊन पुन्हा लावून घेतली. हंगाम संपल्यावर इटलीत त्रेव्हिझोकडे थोडा काळ, आणि नंतर स्पेन.

स्पेनमधली सात वर्षे हा त्याच्या कारकिर्दीचा गाभा आहे आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते. स्पेनची एसीबी ही युरोपातली सर्वांत कसदार देशांतर्गत लीग आहे असे म्हणण्यात फारसा वाद होऊ नये. तिथे तळाचा क्लबसुद्धा रियल माद्रिद किंवा बार्सिलोनाला घरच्या मैदानावर घाम फोडतो. योन आर्नोरने सुरुवात तळाकडच्या ग्रानादापासून केली. दोन हंगामांनंतर, 2011 मध्ये, ग्रानादा खालच्या श्रेणीत घसरले, पण त्याची स्वतःची किंमत घसरली नाही आणि सारागोसाने त्याला घेतले. हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण घसरलेल्या संघातल्या खेळाडूंवर सहसा तोच शिक्का बसतो.

याचे उत्तर त्याच्या भूमिकेत आहे. 2010 च्या शरद ऋतूत फिबाने तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवरून 6.75 मीटरवर नेली. वरवर पाहता अर्ध्या मीटरचा बदल, पण त्यामुळे बचावाला अधिक क्षेत्र झाकावे लागू लागले, कोपऱ्यातला फटका कठीण झाला, आणि जुन्या रेषेवर उपजीविका करणारे कितीतरी नेमबाज निकामी झाले. नव्या रेषेवरूनही विश्वासाने फटका मारणारा आणि त्याच वेळी समोरच्या सर्वोत्तम गार्डला अंगावर घेणारा खेळाडू प्रत्येक प्रशिक्षकाला हवा होता. योन आर्नोर हे दोन्ही करत असे. त्याचा बचाव पाहताना हातांकडे पाहू नये, पायांकडे पाहावे. तो चेंडूवर झडप क्वचित घालत असे; प्रतिस्पर्ध्याची पहिली पावले ज्या दिशेने पडणार तिथे त्याची छाती आधीच पोचलेली असे, आणि त्याची वाट अडवायला पडद्यासारख्या उभ्या राहिलेल्या सेंटरच्या अंगावरून घसरत तो दुसऱ्या बाजूला पुन्हा आपल्या माणसासमोर येत असे. आकडेवारीच्या तक्त्यात याची नोंद होत नाही. तिथे दिसतात त्याचे गुण, कधी दहाच्या थोडे वर, कधी खाली. म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्याला तो सामान्य खेळाडू वाटला, आणि म्हणूनच स्पेनमधल्या एकामागून एक प्रशिक्षकांना तो हवासा वाटला.

सारागोसात होसे लुइस आबोस यांच्या हाताखाली त्याने तीन हंगाम काढले. कोणत्याही एका परदेशी क्लबमधला त्याचा हा सर्वांत मोठा मुक्काम. 2013 मध्ये तो संघ लीगच्या उपांत्य फेरीत पोचला, जे त्या क्लबच्या खर्चाच्या मानाने खूपच होते. आबोस यांचे ऑक्टोबर 2014 मध्ये कर्करोगाने निधन झाले. त्याआधी त्याच वर्षी योन आर्नोर मलागाच्या उनिकाखाकडे गेला होता. तिथे प्रशिक्षक होआन प्लाझा, आणि बत्तिसाव्या वर्षी पुन्हा युरोलीग. 2014 सालचा आइसलँडचा सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून त्याची निवड झाली. जिथे फुटबॉल आणि हँडबॉलची मोठी नावे या मानासाठी उभी असतात, तिथे एका बास्केटबॉलपटूने तो मिळवावा ही गोष्ट साधी नव्हती. देशाचा वर्षातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू हा मान तर त्याला बारा वेळा मिळाला.

2015-16 मध्ये तो वॅलेन्सियात परतला. पेद्रो मार्तिनेस यांच्या त्या संघाने हंगामाच्या सुरुवातीपासून सर्व स्पर्धा मिळून सलग 28 सामने जिंकले. नऊ वर्षांपूर्वी ज्या क्लबमधून तो हंगामाच्या मध्यात निघून गेला होता, त्याच क्लबने तेहतिसाव्या वर्षी त्याला पुन्हा बोलावले, यावरून त्या वेळचे जाणे किती साध्या व्यवहाराचे होते ते लक्षात यावे.

आता राष्ट्रीय संघ. आइसलँडने युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात प्रथम प्रवेश मिळवला तो 2015 साली, आणि त्याचा पाया रचला गेला ऑगस्ट 2014 मध्ये लंडनमध्ये ब्रिटनवर मिळवलेल्या विजयाने. प्रशिक्षक कॅनडाचे क्रेग पेडरसन. बर्लिनमधला गट असा होता की वाचूनच धडकी भरावी: स्पेन, सर्बिया, तुर्की, इटली आणि यजमान जर्मनी. आइसलँड पाचही सामने हरले. पण जर्मनीविरुद्ध 65-71, इटलीविरुद्ध 64-71, आणि तुर्कीविरुद्ध तर जादा वेळेत 102-111. उंच सेंटर जवळपास नसलेल्या या संघाने प्रत्येक रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परतलेल्या चेंडूसाठी, पाचही जणांना रिंगखाली पाठवले आणि बचावात सतत दुहेरी अडवणूक केली. अशा खेळात सर्वांत अधिक धावपळ होते ती गार्डची. समोरचा सेंटर दुहेरी अडवणुकीतून चेंडू बाहेर फेकतो तेव्हा दोन मोकळ्या नेमबाजांपैकी कोणाकडे धावायचे याचा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो, आणि योन आर्नोर तो बहुधा बरोबर घेत असे. 2017 मध्ये हेलसिंकीतही संघ पाचही सामने हरला.

राष्ट्रीय संघाच्या उन्हाळ्यांची एक बाजू बाहेर कमी माहीत असते. करार संपलेल्या किंवा नव्या कराराच्या प्रतीक्षेत असलेल्या खेळाडूला उन्हाळ्यात दुखापत झाली तर पुढचे वर्षच बुडते. मोठे महासंघ त्यासाठी भरपूर विमा उतरवतात. आइसलँडसारख्या छोट्या महासंघाला हा खर्च जड जातो, म्हणून प्रत्येक उन्हाळी शिबिर हे खेळाडूसाठी एक आर्थिक जोखीम असते. ही जोखीम वर्षानुवर्षे उचलत त्याने देशासाठी 100 सामने खेळले. शेवटचा फेब्रुवारी 2019 मध्ये, रेकयाविकला, पोर्तुगालविरुद्ध.

2016 मध्ये तो केआरकडे परतला, या वेळी आइसलँडमध्ये कायमचा राहण्यासाठी, आणि 2017, 2018, 2019 अशी सलग तीन विजेतेपदे त्याने जिंकली. केआरच्या सलग सहा विजेतेपदांतली ही शेवटची तीन. अखेरचा हंगाम, 2020-21, तो शेजारच्या वालुर क्लबकडून खेळला, आणि लीगच्या बाद फेरीत त्याची गाठ पडली केआरशीच. ती मालिका केआरने जिंकली आणि अडतिसाव्या वर्षी तो थांबला.

अस्थिरतेचे म्हणाल, तर ती होतीच. जर्मनी, अमेरिका, रशिया, इटली, स्पेन. पाच देश, पाच भाषा, दर वेळी नवे घर, नवा प्रशिक्षक आणि नवी आक्रमणपद्धत. शरीराची झीज वेगळीच. मोठ्या कमाईची वर्षे दहा-बारा असतात आणि त्यातून पुढचे आयुष्य उभे करावे लागते. पण चांगल्या लीगमध्ये सातत्याने काम मिळत राहणे हेच या पेशातले यश आहे, आणि तेहतीस वर्षांचा होईपर्यंत त्याला ते मिळत राहिले. एनबीएच्या मोहापायी युरोपचे चांगले करार सोडून, पस्तिशीच्या आतच कारकीर्द विस्कटून बसलेले त्याच्याहून अधिक प्रतिभावान खेळाडू मी नावानिशी सांगू शकेन, पण त्याची इथे गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: वाटा आता अनेक झाल्या आहेत. मार्टिन हेर्मानसन हाही केआरचा, आणि राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या हेर्मान हाउक्सनचा मुलगा. तो आधी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड विद्यापीठात खेळला, मग फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत शार्लव्हिल-मेझिएरला, मग पहिल्या श्रेणीत शालों-रॅन्सला, आणि 2018 मध्ये आल्बा बर्लिनला. प्रत्येक वेळी एकच पायरी वर, आणि प्रत्येक ठिकाणी चेंडू हातात. आल्बात आइतो गार्सिया रेनेसेस यांच्यासारखा तरुणांना मोकळीक देणारा प्रशिक्षक मिळाला आणि 2020 मध्ये संघाने जर्मन लीग व चषक दोन्ही जिंकले. तिथून वॅलेन्सिया, 2022 मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, आणि सावरल्यावर 2024 मध्ये तो पुन्हा बर्लिनला गेला. शिकणाऱ्या गार्डसाठी मी आज योन आर्नोरपेक्षा मार्टिनची वाट अधिक सुरक्षित मानतो. योन आक्सेल गुद्मुंडसन, जुन्या राष्ट्रीय खेळाडूचाच मुलगा, ग्रिंडाविकहून अमेरिकेतल्या डेव्हिडसन महाविद्यालयात चार वर्षे खेळला आणि मग जर्मनी, इटली, स्पेन असा फिरला.

त्रिग्वी ह्लिनासन मात्र कोणत्याच साच्यात बसत नाही. उत्तर आइसलँडमधल्या बार्दारदालुर खोऱ्याच्या टोकाशी, लाव्हाच्या ओसाड पठाराला लागून असलेल्या एका मेंढपाळ कुटुंबाच्या शेतावर तो वाढला. बास्केटबॉलला त्याने सुरुवात केली सोळाव्या वर्षी, शिक्षणासाठी आकुरेरी गावात आल्यावर, थोर क्लबमध्ये. तीन वर्षांनी, 2017 मध्ये, तो 20 वर्षांखालील युरोपीय स्पर्धेच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंमध्ये होता आणि वॅलेन्सियाशी करारबद्ध झाला होता. सात फूट एक इंचाच्या या सेंटरचे नाव 2018 मध्ये एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीसाठी होते, पण कोणत्याही संघाने त्याला घेतले नाही, आणि तो स्पेनमध्येच राहिला: ओब्रादोइरो, सारागोसा, बिलबाओ. फेब्रुवारी 2022 मध्ये हाफ्नारफ्योर्दुर इथे आइसलँडने दोन जादा वेळांनंतर इटलीला 107-105 असे हरवले, त्या सामन्यात त्याने 34 गुण आणि 21 रिबाउंड केले. 2025 मध्ये बिलबाओसोबत त्याने फिबा युरोप कप जिंकला, आणि त्याच वर्षी आइसलँडचा संघ तिसऱ्यांदा युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात, पोलंडमधल्या काटोवित्सेला खेळला. तिथेही पाच पराभव झाले. या टप्प्यावर आइसलँडला अजून एकही सामना जिंकता आलेला नाही. योन आर्नोरच्या संघाकडे बर्लिनमध्ये रिंगखाली उभा करायला जो माणूस नव्हता, तो या संघाकडे होता.